मामा किती? एका आईच्या पोटचे?

आमच्या डॉक्टरांना माणूस चेहऱ्यानं ओळखू येत नसे. धुळ्याच्या बाजारात कुणी समोरून हात जोडत आला, की हे कोरडं हसायचे, छत्री या हातातून त्या हातात घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी तरी काय सांगणार, कपाळ! मग तो माणूस हसायचा, त्याचं तोंड उघडायचं, आणि आमच्या डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलायचा. "अरे! खालची डावी, मागून दुसरी! काय म्हणते?" तो बिचारा बायकोसमोर ओशाळून सांगायचा, की दाढ बरी आहे. नाव, गाव, आडनाव यांतलं काही यांच्या डोक्यात राहत नसे. दाढ मात्र दहा वर्षांनीही आठवायची.

मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. माहेर माझं बोदवडचं, लग्न होऊन धुळ्यात आले. दातांच्या दवाखान्यात काम करायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, लोकांच्या थुंकीत हात घालायचे का आता? पण मला ते काम आवडलं. पहिल्याच दिवशी डॉक्टर मला अक्का म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आहे." तर म्हणाले, "असू द्या. या खोलीत मला धाक वाटेल असं कुणीतरी पाहिजे." धाक म्हणे! अठरा वर्षांत त्यांनी एकदा तरी माझं ऐकलं असेल तर शपथ.

दवाखाना एका सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. वर यायला लाकडी जिना. पेशंट वर आला, की मी कागद घ्यायची. नाव, वय, गाव, कोणता दात, साखर आहे का, दाब आहे का. हे सगळीकडे विचारतात. आमच्याकडे त्याखाली डॉक्टरांनी स्वतः छापून घेतलेला एक रकाना होता. मामा किती? एका आईच्या पोटचे? कसे आहेत?

मुलगा, तरणा, म्हातारा, कुणीही असो, पुरुष म्हटला की त्याला मामाबद्दल विचारायचंच. लोक चक्रावायचे. एक मास्तर भडकून म्हणाले, "मी दात दाखवायला आलोय, सोयरीक करायला नाही!" काहींना वाटायचं डॉक्टरांच्या घरात लग्नाची मुलगी आहे. गावात त्यांचं नावच पडलं होतं, मामा विचारणारा डॉक्टर. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं, की तो बरोबर आमच्या जिन्याखाली आणून सोडायचा.

त्यामागचं कारण मला त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. काही माणसांचं रक्त गोठत नाही. जखम झाली, दात काढला, की वाहतच राहतं. हिमोफिलिया म्हणतात त्याला. तो आईकडून मुलाला येतो, पण आईला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, ती धडधाकट दिसते. म्हणून तिच्या भावांकडे बघायचं. मामा लहानपणीच गेला असेल, मामाचे गुडघे सुजत असतील, मामाचं रक्त थांबत नसेल, तर भाच्याच्या तोंडात हात घालण्याआधी रक्त तपासायचं. "आणि मामाला काही नसलं, तरी भाच्याला नसेलच असं नाही," ते म्हणायचे. "पण मामाला असलं आणि आपण विचारलंच नाही, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही."

आणि 'एका आईच्या पोटचे' हे कशाला? तर आपल्याकडे चुलतभाऊही भाऊच, आतेभाऊही भाऊच, शेजारच्या घरातला राखी बांधलेलाही भाऊच. मामा विचारले की बाई सात-आठ मामा मोजून दाखवते. त्यातले तिच्या आईच्या पोटचे किती, हे खोदून विचारावं लागतं. डॉक्टरांची ताकीद होती, पहिला प्रश्न विसरलात तरी चालेल, दुसरा विसरायचा नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. दात काढला की पेशंटला घरी सोडायचे नाहीत. बाहेरच्या बाकावर तासभर बसवायचे, तोंडात कापसाची गादी घट्ट दाबून. थुंकायला बंदी. कुणी उठून खिडकीकडे गेला, की आतून ओरडायचे, "थुंकू नका! गिळा!" एकदा एक फौजदार थुंकायला उठले, तर डॉक्टर हातमोजे घातलेल्या हातानं त्यांचा खांदा धरून म्हणाले, "साहेब, दाताच्या जागी रक्ताची गाठ बसलीय ना, ती घरी आलेल्या जावयासारखी आहे. तिला जीभ लावायची नाही, बोट लावायचं नाही, गरम वाढायचं नाही. रुसून गेली तर परत आणणं कठीण." फौजदारांनी तासभर जावई सांभाळला. खानदेशातल्या माणसाला जावयाचं सांगितलं की पटतं.

दुसरी तऱ्हा पंख्याची. सातपुड्याच्या पायथ्याकडून सिकलसेलची माणसं यायची. त्यांच्या रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकतात, अंगात ठणका उठतो. गारठा आणि तहान त्यांना वैरी. असा पेशंट आला, की डॉक्टर पहिलं काम म्हणजे पंखा बंद करायचे, कपाटातली गोधडी त्याच्या अंगावर घालायचे आणि दोन ग्लास पाणी पाजायचे. चैत्र-वैशाखातलं धुळं म्हणजे काय ते धुळेकरांना विचारा! बाकीचे पेशंट घामानं निथळत शिव्या घालायचे, मी पदरानं वारा घ्यायची, आणि आतल्या खुर्चीवर एखादी पोरगी गोधडी पांघरून मजेत तोंड उघडून बसलेली असायची. कुणी कुरकुर केली की डॉक्टर म्हणायचे, "तुम्हाला घाम येतोय ना? मग तुमचं काही बिघडलेलं नाही."

आणि ब्रश. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात कायम दोन-चार नवे ब्रश. ज्याचं रक्त थांबत नाही त्याचा दात मुळात किडताच कामा नये, हे त्यांचं म्हणणं. असल्या पेशंटांना दर चार महिन्यांनी बोलावून दात घासून दाखवायला लावायचे. मोठमोठे बाप्ये आमच्या बेसिनसमोर उभे राहून फेस करत दात घासतायत आणि डॉक्टर मागे उभे राहून, "मागची घासा, मागची! पुढची तर सासरवाडीला जाताना कुणीही घासतो!"

आता माझी चूक सांगते. सांगायला आवडत नाही, पण ती गाळली तर डॉक्टर कळायचे नाहीत.

मंगळवार होता, बाकडी खचाखच भरलेली. साक्रीच्या पुढच्या डोंगराकडच्या गावातून एक बाई आल्या, बरोबर विशीतला मुलगा. गाल टम्म सुजलेला, खालची दाढ किडून गेलेली. मुलगा एका पायानं लंगडत होता. बाई घाईत होत्या. बारा दिवसांवर मुलीचं लग्न, भावाचं तोंड असं सुजलेलं, पाहुणे काय म्हणतील? मी विचारलं, मामा किती?

"तीन शेत," बाई म्हणाल्या. "धट्टाकट्टा शेत तिन्ही."

अहिराणी मला तोवर चांगली कळायला लागली होती; शेत म्हणजे आहेत. मागे दहा माणसं उभी, एक पोर रडतंय, खालून सायकलवाला हातोडा मारतोय. आणि खरं सांगू? तो दुसरा प्रश्न विचारायची मला नेहमी लाज वाटायची. समोरच्या बाईला 'तुझे भाऊ खरेच सख्खे का' असं विचारायचं म्हणजे तिच्या माहेराच्या अंगणात जाऊन उकरण्यासारखं. मी लिहून टाकलं: मामा तीन, एका आईचे, ठणठणीत.

डॉक्टरांनी कागद वाचला. मुलाला खुर्चीत घेतलं. भूल द्यायला सुई भरली, वर धरली, आणि तशीच थांबवली. मुलाच्या पॅंटखालून गुडघा दिसत होता, भोपळ्याएवढा.

"हे काय?"

"कबड्डी खेळताना पडलो," मुलगा म्हणाला.

"किती वेळा?"

मुलानं दोन्ही हातांनी गुडघा झाकला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, बाहेर येऊन बाईंसमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, ते तीन भाऊ तुमच्या आईच्या पोटचे आहेत का?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ताडकन उठल्या, आत जाऊन मुलाचा हात धरला. "आमले नही काढना दात. उद्या साक्रीना बाजारमा काढी लिसूत." आणि जिना उतरून गेल्या. मी मागे धावले, पण तोवर त्या रिक्षात बसल्या होत्या.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते, मी काही गरीब गाय नाही. पण त्यांनी फक्त तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि रकान्यावर बोट ठेवलं. "अक्का, ही जागा रिकामी असती, तर मी विचारलं असतं. तुम्ही ती भरलीत."

मला रडू कोसळलं. ती सुई गेली असती तर? जबड्याच्या मागे भूल देताना आत रक्त साचलं असतं, तर घसा दाबून श्वास बंद होतो. हे मला माहीत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी उद्यापासून येत नाही." ते म्हणाले, "उद्या तर यावंच लागेल. साडेसातची साक्री गाडी पकडायचीय."

साक्रीच्या आठवडे बाजारात दात काढणारे एक चाचा बसायचे. जमिनीवर ताडपत्री, मागे जबड्याचं चित्र असलेलं कापड, पुढे पत्र्याची पेटी. दाढी मेंदीनं रंगवलेली, माणूस मोठा ऐटदार. बापजाद्यांपासूनचा धंदा. आमचे डॉक्टर सरळ गेले आणि त्यांच्या शेजारी ताडपत्रीवर मांडी घालून बसले. पांढरा कोट, मांडीवर छत्री. मी पिशवी घेऊन मागे उभी, शरमेनं अर्धी झालेली. बाजारात आलेल्या निम्म्या बायका थांबून आमच्याकडे बघत होत्या.

"आप कौन?" चाचांनी विचारलं.

"मी पण दातवाला. आज मी दात काढणार नाही, फक्त विचारणार."

आणि खरंच, जे गिऱ्हाईक येईल त्याला हे विचारत सुटले. मामा किती? एका आईच्या पोटचे? चाचा आधी तापले. "मेरा बजार क्यूँ बिगाडता है, बाबा?" मग डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सगळं समजावलं. चाचांनी पेटीचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एक बार हुआ था. पोरगा व्हता नऊ-दस साल का. दात काढला, पण खून रुका नहीं. दुसऱ्या बाजाराला त्याचा बाप आला, काही बोलला नाही. खाली बस के चला गया. मुझे आज मालूम पडा." त्यानंतर चाचांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली, आणि आमच्या डॉक्टरांपेक्षा मोठ्या आवाजात.

अकरा वाजता बाई मुलाला घेऊन आल्या. डॉक्टरांना तिथं बसलेलं बघून जागीच खिळल्या. वळणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "भाभी, मैं भी नहीं निकालता. पहले इनको जवाब दो."

मग ती बाई त्या ताडपत्रीच्या कडेला मटकन बसली. आजूबाजूला मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, भांडीवाल्याची आरडाओरड, आणि तिनं इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिथं सांगितलं.

"मना दोन भाऊ व्हतात, डॉक्टरसाहेब. एकच मायना पोटना. मोठा सात वरीसना व्हता, दूधना दात पडना. रगत थांबनंच नही. तीन दिन मनी माय त्याना तोंडमा फडकं दाबी बसनी. धाकला गाडीवरथून पडना. दोन्ही गयात. ते तीन तं काकाना पोऱ्या शेत." डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आते मनी पोरनं लगीन शे. बठ्ठासले समजी गयं, तं तिले कोन करी?" सगळ्यांना कळलं तर पोरीला कोण करून घेईल, हीच तिची धास्ती.

मला वाटलं डॉक्टर आता आजार समजावून सांगतील. त्यांनी मांडीवरची छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या आईनं बरोबर केलं होतं, ताई. फडकं दाबून धरायचं. आम्ही पण पहिलं तेच करतो. तेवढ्यानं भागणार नव्हतं, यात तिची काही चूक नाही."

त्या वाक्यानं बाई जी रडायला लागली, ती थांबेना. चाचांनी आपला पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलगा पुढे सरकला. तो म्हणाला, "म्हणजे माझा गुडघा त्यानंच? मला तर घरात सगळे वेंधळा म्हणतात. म्हणतात मी सारखा पडतो."

"तू वेंधळा नाहीस," डॉक्टर म्हणाले. "अर्धं रक्त गुडघ्यात घेऊन शेतात कामाला जातोस, तू वेंधळा कसा?"

मग त्यांनी बाईला शब्द दिला. "मांडवात माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. मुलीला सांगायचं तुम्ही. तिनं पुढे कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. पण या मुलाची दाढ मी काढणार, आणि लग्नाच्या आत काढणार."

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, हा मामाचा नाद तुम्हाला लागला कुठून?" खिडकीबाहेर बघत ते एवढंच म्हणाले, "जळगावला असताना एकदा विचारलं नव्हतं." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

रक्त तपासलं. निघालं तेच. सूज उतरवायला गोळ्या दिल्या, दुखण्यावर साधी गोळी, बाकीच्या सगळ्या गोळ्यांना बंदी, कारण त्यांतल्या काही रक्त आणखी पातळ करतात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवला. मुलाच्या रक्तात गोठवणारा जो घटक कमी होता, तिथं त्याला फॅक्टर म्हणतात, तो आधी शिरेतून दिला. मग आमच्या डॉक्टरांनी दाढ काढली. ती कशी काढली ते मी जन्मात विसरणार नाही. घाई नाही, झटका नाही. दाढेला समजावून बाहेर आणल्यासारखी आणली. खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवला, टाके घातले, वर गादी दाबली. मी घड्याळ बघत होते. अर्ध्या तासानं गादी उचलली. कोरडी.

"आत्ता हसू नका, अक्का," ते म्हणाले. "हा आजार लबाड आहे. आधी थांबल्याचं नाटक करतो आणि नंतर उघडा पडतो." म्हणून तीन दिवस मुलाला सरकारी दवाखान्यातच ठेवलं, आणि सकाळ-संध्याकाळ ते जाऊन त्याचं तोंड बघून यायचे. थंड दूध, थंड खिचडी. मुलगा शेवभाजीसाठी रडकुंडीला आलेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि व्हरांड्यात बसलेल्या त्या माउलीला म्हणाले, "जावई बसला. आता उठत नाही." तिला काही कळलं नाही. मला कळलं. मी तिथंच तिला मिठी मारली, आणि माझा ऊर असा भरून आला की मी कुणाची कोण, इथं कशाला रडतेय, काही सुचेना.

लग्नाच्या चार दिवस आधी दवाखान्यात एक तरुण आला. दुखत काही नव्हतं. तो नवरदेव होता. मुलीनं आईकडून ऐकलं होतं आणि त्याच दिवशी फोन करून त्याला सगळं सांगितलं होतं. उद्या आपल्या मुलालाही हे होऊ शकतं, तुला चालत नसेल तर आत्ताच सांग, मांडवात नको.

"डॉक्टर, तुम्ही सांगा मी काय करू?"

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं. तोंड उघडायला लावलं. आरसा फिरवला. "तुमच्या होणाऱ्या बायकोबद्दल मी काही बोलणार नाही, तसा शब्द दिलाय. तुमच्याबद्दल बोलतो. तुम्ही तंबाखू खाता, मागचे दात घासत नाही, हिरड्या खराब आहेत. हे तुम्ही तिला सांगितलं?"

"नाही."

"मग दोघांपैकी खरं कोण बोललं?"

तो लाजून खाली बघायला लागला. मग डॉक्टरांनी त्याला तासभर सगळं नीट सांगितलं, हा आजार कसा येतो, मूल झाल्यावर कोणती तपासणी करायची, कुठं जायचं. त्यानं जाताना खिशातली पुडी माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. लग्न ठरल्या दिवशी झालं. आम्ही गेलो होतो. डॉक्टर पंगतीत त्या मुलाशेजारी बसले आणि त्याच्या पानातली गरम भाजी दोनदा उचलून स्वतःच्या पानात घेतली. दिलेला शब्द पाळला, मांडवात तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त जेवले.

त्यानंतर दर बाजारच्या दुसऱ्या दिवशी साक्रीहून एखादा पेशंट यायचा, हातात चाचांची चिठ्ठी. उर्दू वळणाच्या मराठीत लिहिलेलं असायचं, 'मामा पूछा. सख्खा नाही. तुम्ही बघा.' डॉक्टर त्या चिठ्ठ्या कपाटात जपून ठेवायचे. म्हणायचे, ही आमची शाखा.

पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. मी बघितलं त्याच्या आधी त्यांनीच बघितलं. एक दिवस चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "आजपासून नाही." दवाखाना त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईंना दिला आणि स्वतः यावलला भावाच्या केळीच्या बागेत राहायला गेले. जाताना माझ्यासाठी ठेवून काय गेले, तर रकाना छापलेल्या कागदांची जाड थप्पी. मला वाईट वाटलंच, पण राग जास्त आला. असा माणूस जाताना दोन गोड शब्द बोलत नाही!

मागच्या महिन्यातली गोष्ट. बाकडी भरलेली, डॉक्टरीणबाई आत. जिन्यावरून एक तरुण बाई वर आली, हाताशी सहा-सात वर्षांचा मुलगा, मागून तिची आई. आई मी लगेच ओळखली, साक्रीच्या बाजारातली. पुढचा दुधाचा दात हलतोय, मुलगी म्हणाली. मी कागद काढला. मुलगी ओळखीची, घराण्याची गोष्ट मला ठाऊक, इतकी माणसं बसलेली, म्हणून मी तिच्याजवळ सरकून अगदी कानाशी विचारलं, "मामाचं लिहू का?"

ती हसली. "हळू कशाला, अक्का? लिहा." आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा एक. एका आईच्या पोटचा. त्याला हिमोफिलिया आहे, आणि माझ्या मुलालाही आहे, जन्मल्यावरच तपासलं. मामा खाली गाडी लावतोय."

जिना वाजायला लागला. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. दाराशी तो उभा राहिला, गुडघा तसाच ताठ, अंगानं भरलेला, मिशी ठेवलेली. हसला तेव्हा बाकीचे सगळे दात जागच्या जागी दिसले. भाच्यानं त्याचं बोट धरलं.

मुलाच्या तोंडात एकही कीड नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. सरकारी दवाखान्यातून फॅक्टर घेऊनच ते आले होते. दात हलता हलता निघाला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. गादी दाबली. पोरगं बाकावर मामाच्या शेजारी तासभर बसलं, न थुंकता. मी तोवर बाहेर येऊन यावलला फोन लावला. डॉक्टरांना आता कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागतं. मी ओरडून सगळं सांगितलं. तिकडून प्रश्न आला, "कितवा दात?"

"खालचा, पुढचा, उजवा."

"गादी कोरडी?"

"कोरडी!"

"अक्का, कागदावर लिहिलंत?"

"लिहिलं हो, लिहिलं! मामा एक, एका आईच्या पोटचा, जिवंत!"

तेवढ्यात माझ्या मागे बाक करकरला. मी वळून बघितलं. मुलाची आजी, जिनं आपले दोन भाऊ आयुष्यभर लपवले, ती बाकावर बसली होती. तो इवलासा दात तिनं पदराच्या टोकाला बांधला होता. तिच्या शेजारी डोंगराकडची एक नवी बाई पोराला मांडीवर घेऊन घाबरून बसलेली. अजून मी तिचा कागद काढला नव्हता. आजी तिच्याकडे वळली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, तुले भाऊ कितला शेत? एकच मायना पोटना शेत का?"

मी फोन तिच्याकडे धरलेलाच होता. डॉक्टरांना तेवढं ऐकू गेलं.